मापात उतरलेला माणूस

जेम्स वॅटचा चेहरा आज जगाच्या ओळखीचा आहे, तो बऱ्याच अंशी फ्रान्सिस चँट्री या इंग्रज शिल्पकारामुळे. वॅट ऐंशीला टेकला होता तेव्हा, म्हणजे १८१५ च्या सुमारास, चँट्रीने त्याचा संगमरवरी अर्धपुतळा घडवला. रुंद कपाळ, खोल सुरकुत्या आणि विचारात गढलेला म्हातारा चेहरा अशी जी वॅटची प्रतिमा पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोचली, तिच्या घडणीत या शिल्पाचा वाटा मोठा आहे. अशा अर्धपुतळ्याकडे आपण सहसा एक बहुमान म्हणून पाहतो. कोळसा, तेल आणि लोखंडाच्या जगातल्या माणसाला कलेने वर उचलले आणि कवी-सेनापतींच्या पंगतीत बसवले, असा त्याचा अर्थ लावतो. हा अर्थ मला अपुरा वाटतो. संगमरवरी अर्धपुतळा आणि वाफेचे इंजिन ही दोन वेगळ्या जगांतली कामे नाहीत. एका वस्तूचा आकार दुसऱ्या वस्तूत माप न गमावता उतरवणे ही एकच विद्या दोहोंच्या मुळाशी आहे, आणि दोन्ही कामे अनेक हातांशिवाय पुरी होत नाहीत. हे ध्यानात घेतले, तर अभियंत्याचा अर्धपुतळा त्याच्याखालच्या शिलालेखापेक्षा पुष्कळ जास्त आणि पुष्कळ खरे सांगू लागतो.

आधी पुतळा कसा होतो ते पाहू. शिल्पकार छिन्नी-हातोडा घेऊन दगडाला भिडतो आणि आतला चेहरा मोकळा करतो, हे चित्र रम्य आहे. पण चँट्रीच्या काळातल्या लंडनमध्ये काम असे चालत नव्हते. चँट्री आधी समोरच्या व्यक्तीची दोन रेखाचित्रे काढी, एक समोरून आणि एक बाजूने. त्यासाठी तो कॅमेरा ल्युसिडा वापरी. विल्यम वोलास्टन या शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये या साधनाचे पेटंट घेतले होते. त्यातल्या छोट्या लोलकातून पाहिले की समोरचा चेहरा खालच्या कागदावर पडल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या कडांवरून पेन्सिल फिरवता येते. या रेखाचित्रांच्या आधारे मातीत चेहरा घडे. ओली माती टिकत नाही, म्हणून तिचा साचा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती ओतली जाई, आणि मग ती संगमरवरात उतरवण्याचे खरे किचकट काम सुरू होई. प्लास्टरवर तीन पक्के बिंदू ठरवत, दगडावरही तसेच तीन बिंदू घेत. त्या तीन बिंदूंवर टेकणाऱ्या चौकटीला एक सरकती सुई असे. सुईचे टोक प्लास्टरच्या नाकाला, गालाला, पापणीला लावून तिची जागा पक्की करायची, चौकट उचलून दगडावर टेकवायची आणि सुई जिथवर आत जायला हवी तिथवर दगडाला भोक पाडायचे. हे शेकडो वेळा करायचे. मग मदतनीस त्या भोकांच्या तळापर्यंतचा जादा दगड काढून टाकत. शेवटचा हात शिल्पकाराचा. त्याआधीचा बराचसा प्रवास मोजमापाचा.

दगडाची निवडही विचारपूर्वक केलेली असे. इटलीतल्या कराराच्या खाणींतला पांढरा संगमरवर कॅल्साइटच्या बारीक, एकमेकांत घट्ट गुंतलेल्या स्फटिकांचा असतो. लाकडासारखी त्याला एका दिशेची शीर नसते, म्हणून छिन्नी कुठल्याही बाजूने चालवता येते आणि ओठाची कड किंवा पापणीची धार तुटत नाही. प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरून नुसता परतत नाही. थोडा आत शिरतो, विखुरतो आणि मग बाहेर येतो. त्वचेच्या बाबतीतही असेच घडते, म्हणून पांढऱ्या दगडात माणसाच्या कातडीचा भास होतो. हाच दगड आम्लापुढे मात्र दुबळा आहे. कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरातला पाऊस त्याला हळूहळू खातो, त्यामुळे संगमरवरी शिल्पे शक्यतो छपराखाली ठेवतात. कोणते द्रव्य कशाला टिकेल, कुठे तुटेल आणि किती बारकावा पेलेल, हे ओळखून काम करणे हा अभियंत्याचा रोजचा धर्म आहे. शिल्पकारालाही तो चुकत नाही.

आता या पुतळ्यात ज्याचा चेहरा आहे त्या माणसाकडे वळू. १७३६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक बंदरात जन्मलेल्या वॅटचा मूळ धंदा इंजिनांचा नव्हता. कंपास, मोजपट्ट्या, कोनमापके अशी गणिती उपकरणे बनवणारा तो कारागीर होता. १७५७ पासून ग्लासगो विद्यापीठाच्या आवारात त्याची कार्यशाळा होती. तिथेच १७६३-६४ च्या हिवाळ्यात खाणींतले पाणी उपसणाऱ्या न्यूकोमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. त्या इंजिनात प्रत्येक फेरीला एकच सिलिंडर वाफेने तापवायचा आणि पाण्याच्या फवाऱ्याने थंड करायचा, त्यामुळे बरीचशी वाफ सिलिंडर पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. वॅटने किती पाण्याची किती वाफ होते, किती वाया जाते हे मोजले, आणि १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला: वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे ठेवायचे आणि सिलिंडर कायम गरम राहू द्यायचा. हा वेगळा संघनक त्याच्या १७६९ च्या पेटंटचा गाभा ठरला. या सगळ्याच्या मुळाशी मोजणे होते, ही बाब आपण सहसा विसरतो. त्याच १७६५ च्या सुमारास वॅटने आणखी एक वस्तू बनवली होती. समोरचे दृश्य यथार्थ प्रमाणात कागदावर उतरवण्याचे ते यंत्र होते. म्हणजे चँट्रीने कॅमेरा ल्युसिडा हाती घेण्याच्या कितीतरी वर्षे आधी, ज्याचा पुतळा पुढे घडायचा होता त्या माणसाने त्याच कामाचे एक साधन स्वतः तयार केले होते. १७८० मध्ये त्याने पत्रांच्या नकला काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. दृश्य असो की अक्षर, मूळ वस्तू जशीच्या तशी दुसरीकडे कशी न्यावी, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

आयुष्याच्या शेवटी तर तो उघडपणे शिल्पाकडेच वळला. १८०० मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर वॅट धंद्यातून निवृत्त झाला. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या आपल्या घराच्या माळ्यावर त्याने कार्यशाळा मांडली आणि तिथे शिल्पांच्या प्रतिकृती काढणारी दोन यंत्रे उभारली. एक मूळ आकाराची प्रत काढणारे होते, दुसरे लहान आकाराची. मूळ शिल्पावरून एक बोथट टोक फिरवायचे आणि त्याला जोडलेले, पायाने फिरवले जाणारे पाते तोच उंचसखलपणा दुसऱ्या तुकड्यात कोरत जाणार, अशी त्यांची रचना होती. चँट्रीच्या कार्यशाळेतली सुई आणि वॅटचे टोक ही दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत; वॅटला ते काम अखंड आणि यंत्राने व्हायला हवे होते. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला, तोवर हा उद्योग सुरू होता. माळा त्यानंतर बहुतांशी तसाच बंद राहिला. १९२४ मध्ये तो सगळा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवण्यात आला, आणि आठ हजारांहून जास्त वस्तूंसह आजही तिथे मांडलेला आहे. त्यात प्लास्टरचा एक साचा होता. २०११ च्या सुमारास युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी त्याचे त्रिमितीय स्कॅनिंग केले आणि आतल्या पोकळीवरून संगणकावर मूळ आकार उभा केला, तेव्हा समोर आला तो खुद्द वॅटचाच चेहरा. पीटर टर्नरेली या शिल्पकाराने १८०७ च्या सुमारास केलेला तो अर्धपुतळा होता, आणि तोवर तो कुणाला माहीत नव्हता. अभियंत्याच्या कार्यशाळेत अभियंत्याचेच शिल्प सापडावे आणि तेही मोजमापाच्या नव्या तंत्राने उलगडावे, यापेक्षा माझ्या म्हणण्याला बळकट पुरावा कोणता असू शकेल?

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. सगळे मापानेच होत असेल तर कला राहिली कुठे? यंत्राने उतरवलेला चेहरा हे निर्जीव मोजमाप ठरते आणि शिल्पकार नुसता नक्कलकार, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर चँट्रीच्या कामाच्या क्रमातच आहे. सुई दगडावर टेकते त्याआधी मातीतला चेहरा ठरलेला असतो, आणि तो ठरवणे मोजमापाच्या पलीकडचे काम आहे. जिवंत माणसाचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो. त्यातला कोणता क्षण घ्यायचा, डोके किती झुकवायचे, कोणती सुरकुती ठेवायची आणि कोणती सौम्य करायची, हे कॅमेरा ल्युसिडा सांगत नाही. माप पक्के असले तरच हा निर्णय दगडापर्यंत शाबूत पोचतो, एवढाच मापाचा दावा आहे आणि तो मोठा आहे. इंजिनाचेही तेच. वेगळ्या संघनकाची कल्पना १७६५ ची. पण ती फायद्याने चालणाऱ्या मोठ्या इंजिनात उतरायला आणखी दहा-अकरा वर्षे गेली, कारण वाफ न सांडू देणारा सिलिंडरच मिळत नव्हता. दट्ट्या आणि सिलिंडरच्या भिंतीत फट राहिली की वाफ तिथून निसटे. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या आपल्या तंत्राचा विस्तार करून सिलिंडर कोरायला सुरुवात केली तेव्हा ही अडचण सुटली. १७७६ मध्ये टिप्टन इथे बसवलेला पन्नास इंच व्यासाचा सिलिंडर कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही चुकलेला नाही, असे वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने नोंदवले होते. कल्पनेला माप मिळाले नाही तर ती कागदावर राहते, आणि कल्पना नसेल तर मापाला कामच उरत नाही. शिल्प आणि यंत्र दोन्हीकडे हा नियम सारखा लागू आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विल्किन्सनचे नाव आले म्हणून तो इथेच मांडतो. अर्धपुतळा एकाच माणसाचा असतो, आणि इंजिन कधीच एकाच माणसाचे नव्हते. थॉमस न्यूकोमेनचे इंजिन १७१२ पासून खाणींतले पाणी उपसत होते. सुप्त उष्णतेचा सिद्धांत मांडणारा जोसेफ ब्लॅक वॅटचा मित्र होता. बोल्टनने भांडवल, कारखाना आणि बाजारपेठ उभी केली. विल्यम मरडॉकने कॉर्नवॉलच्या खाणींत इंजिने बसवली आणि सुधारली. शिवाय १७७५ मध्ये संसदेने वॅटचे पेटंट पंचवीस वर्षांसाठी वाढवून दिले, त्यामुळे जोनाथन हॉर्नब्लोअरसारख्या दुसऱ्या संशोधकांच्या वाटा अडल्या. मग एकट्या वॅटच्या पुतळ्याने या सर्वांवर अन्याय होत नाही का? होतो, आणि पुतळ्याला निव्वळ वंदन करत राहिलो तर तो वाढतो. पण हाच अन्याय पुतळ्याच्या घडणीतही आहे. चँट्रीच्या नावावर असलेल्या कामात ॲलन कनिंगहॅम, हेन्री वीक्स अशा सहकाऱ्यांचा आणि नावे न उरलेल्या अनेक पाथरवटांचा वाटा आहे. खाली मात्र नाव एकट्या चँट्रीचे. म्हणून पुतळा हटवून हा प्रश्न सुटत नाही. पुतळा कसा झाला हे सांगितले, की तो स्वतःच अनेकांच्या श्रमाची साक्ष देऊ लागतो, आणि त्याच्याकडे पाहणारा इंजिनाबद्दलही तोच प्रश्न विचारू लागतो.

मापाचे भान सुटले की काय होते, तेही वॅटच्या स्मारकांतच दिसते. १८ जून १८२४ रोजी लंडनमध्ये त्याच्या स्मारकासाठी सभा भरली. पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल अध्यक्षस्थानी होते. हंफ्री डेव्ही आणि रॉबर्ट पील यांच्यासारखे लोक बोलले. राजाने पाचशे पौंड दिले. यंत्र करणाऱ्या माणसाला राष्ट्राने असा मान देणे ही तोवर दुर्मीळ गोष्ट होती, आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही. पण त्यातून वेस्टमिन्स्टर ॲबीसाठी चँट्रीने जो बसलेला पुतळा केला तो अवाढव्य झाला. गुडघ्यावर आराखडा आणि हातात कंपास घेतलेला वॅट ॲबीतल्या लहानशा प्रार्थनागृहात मावेना. पुतळा आत नेताना वजनाने फरशी खचली आणि खालच्या तळघरातल्या शवपेट्या उघड्या पडल्या, अशी हकिकत ॲबीचे डीन स्टॅन्ली यांनी लिहून ठेवली आहे. पुढे १९६० मध्ये तो पुतळा तिथून हलवला गेला. अर्धपुतळ्याचे सामर्थ्य या तुलनेत उठून दिसते. तो माणसाच्या मापाचा असतो, नजरेच्या उंचीवर असतो, आणि पाहणाऱ्याला मान वर करायला लावत नाही. थोरवी वाढवून दाखवायची गरज त्याला पडत नाही.

चँट्रीचा हात मुंबईकरांनाही परका नाही. एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाउन हॉलमधले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम या गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे त्याच्याच कार्यशाळेतून आले. ज्या छिन्नीने हिंदुस्थानात राज्य करणारे घडवले, तिनेच वॅटही घडवला. यावरून तिसरा आक्षेप घेता येतो: हा सारा संगमरवर साम्राज्याचा नाही का? वॅटच्या वडिलांचा व्यापार अटलांटिकपलीकडच्या वसाहतींशी जोडलेला होता, आणि बोल्टन-वॅटची इंजिने कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत गेली, जिथे गुलाम माणसे राबत होती. हे लपवणे म्हणजे मापात खोट करणे होय. मात्र ते सांगितल्याने वॅटचा संघनक खोटा ठरत नाही. कोळशाची बचत कशी झाली, हा प्रश्न एक. ती बचत कुणाच्या पदरात पडली आणि कुणाच्या पाठीवर, हा दुसरा. पुतळ्याशेजारच्या फलकावर दोन्ही प्रश्नांना जागा हवी. ज्या माणसाने वाया जाणाऱ्या वाफेचा हिशेब मांडला, त्याच्या स्मारकाने हिशेबातली एक बाजू गाळणे त्याला शोभणारे नाही.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे. अभियंत्याचे खरे स्मारक म्हणजे त्याचे यंत्र. दगडी चेहऱ्याची गरजच काय? बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात १७७९ चे स्मेथविक इंजिन आहे आणि ते अजूनही चालू शकते. ते पाहून वॅटचे काम जेवढे समजते तेवढे कुठल्याही पुतळ्याने समजणार नाही, हे मान्यच आहे. पण यंत्राचे दैव असे, की ते जितके उपयोगी तितके लवकर बदलले जाते. नवे आले की जुने भंगारात जाते. वॅटच्या शेकडो इंजिनांपैकी फारच थोडी उरली. दुसरे असे, की यंत्र आपल्याला उत्तर दाखवते, ते उत्तर शोधणारा माणूस दाखवत नाही. अभियांत्रिकीबद्दल आपल्या समाजात एक खोल गैरसमज आहे: पूल, धरणे, इंजिने जणू आपोआप होतात, आणि माणूस दिसतो तो फक्त उद्घाटनाच्या कोनशिलेवर. विचार करणारा, म्हातारा झालेला, चुका करत शिकलेला चेहरा समोर असणे या गैरसमजावरचा उतारा आहे. यंत्र आणि चेहरा एकमेकांशेजारी असले की दोन्ही नीट कळतात.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या दर्शनी भागात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अर्धपुतळे आहेत, आणि १५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, अभियंता दिनी त्यांना हार घातले जातात. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या सेवेत वाढले. त्यांनी योजलेले आपोआप उघडझाप करणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसवले गेले. पुराचे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते उघडत आणि पातळी उतरली की मिटत, त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता येई. पुतळ्याखाली बहुधा नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि पदव्या असतात. एखाद्या विद्यार्थ्याने तिथे थांबून काही शिकावे अशी आपली इच्छा असेल, तर हे पुरेसे नाही. हे दरवाजे कसे चालत, हे एका आकृतीने सांगता येते. ते ओतणारे, बसवणारे आणि राखणारे लोक कोण होते, याचा शोध घेऊन लिहिता येते. पुतळा कुणी घडवला, कोणत्या दगडाचा किंवा धातूचा, मातीपासून इथवर तो कोणकोणत्या हातांतून आला, हेही चार ओळींत मांडता येते. यासाठी मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एका सत्रात करण्याजोगे हे काम आहे, आणि त्यातून त्यांना आपल्या विद्येचा इतिहास स्वतः मोजून पाहता येईल. अभियंत्याला हार घालणे सोपे आहे. त्याच्या कामाचा आणि त्याच्या पुतळ्याचा पुरा हिशेब मांडणे, हीच त्याला साजेशी आदरांजली आहे, आणि ती देण्याची कुवत आपल्यात नक्कीच आहे.